फ्यूजच्या जागी दिवा: शॉर्ट-फाइंडर किट काही महिने वापरल्यानंतर

नवा फ्यूज बसवायचा, पार्किंग लाइटचा स्विच दाबायचा, फ्यूज लगेच उडतो. अशा गाडीत दोष सापडेपर्यंत फ्यूजमागून फ्यूज जाळण्याची मला मनापासून चीड आहे, कारण दर वेळी आतल्या वायरीला झटका बसतो. म्हणून हे किट घेतलं. ब्लेड फ्यूजच्या खाचेत बसणारी पिन, करंट वाढला की तो तोडून आपोआप पुन्हा जोडणारा ब्रेकर, २१ वॅटचा दिवा, बझर आणि वायरिंगवरून फिरवायचा काटेवाला मीटर, एवढं त्यात येतं.

सगळ्यात कामाचा निघाला तो साधा दिवा. फ्यूजच्या जागी तो जोडला की पुढे वायर थेट बॉडीला लागलेली असली, म्हणजेच शॉर्ट असला, तरी १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो. वायर तापत नाही, शोधायला हवा तेवढा वेळ मिळतो. आधी त्या सर्किटवरचे सगळे बल्ब काढायचे, नाहीतर त्यांच्यातूनही करंट जातो आणि दिवा अर्धवट पेटून गोंधळ होतो. बल्ब काढूनही दिवा लख्ख पेटलेला राहिला, तर शॉर्ट वायरिंगमध्ये. मग एकेक कनेक्टर सोडवत जायचं. जो सोडवताच दिवा विझला, त्याच्या पुढच्या भागात दोष. बल्ब काढताच विझला, तर बल्ब आणि होल्डर नीट बघायचे.

माझ्या अनुभवात डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी सगळ्यांत आधी बघावी. झाकण उघडताना-मिटताना आतल्या वायरी रोज वाकतात, वरचं प्लास्टिक तडकतं आणि तांबं पत्र्याला टेकतं. बाहेरून नळी अगदी धडधाकट दिसते! नंबर प्लेटचा दिवा आणि ट्रेलरचा सॉकेट यांत पाणी शिरतं, तिथे हिरवट गंज आढळतो.

खड्ड्यातून गेल्यावरच फ्यूज उडत असेल, तिथे बझरला तोड नाही. फ्यूजबॉक्स पुढे, आपण डिकीत. दिवा दिसत नाही, पण वायरींचा जुडगा हाताने हलवला आणि आवाज आला की जागा सापडली. मल्टिमीटर इथे सहज फसवतो. ५५ वॅटच्या हॅलोजनच्या गार फिलामेंटचा रोध एका ओहमच्याही खाली असतो, त्यामुळे चांगला बल्बही शॉर्टसारखाच बीप देतो.

ब्रेकर आणि काट्याचा मीटर यांच्याबद्दल मी तितका खूश नाही. ब्रेकर जोड-तोड करत राहतो, त्या ठोक्यांबरोबर वायरीजवळ धरलेला काटा हलतो आणि शॉर्टच्या पुढे गेलं की थांबतो. ट्रिम, म्हणजे आतली प्लास्टिकची आवरणं, न उचकता जागा कळते, हे खरंच सुखाचं आहे. पण येणारी आणि परतीची वायर एकाच जुडग्यात असली तर काटा जेमतेम हलतो. शिवाय प्रत्येक ठोक्याला शॉर्टमधून पूर्ण करंट जातो, म्हणून बारीक वायरीवर मी ब्रेकर फार वेळ चालू ठेवत नाही.

फ्यूज काही मिनिटांनी उडत असेल तर मात्र किट बाजूला ठेवावं. हेडलाइटला ६०/५५ (हाय/लो बीम) ऐवजी १००/९० वॅटचे बल्ब टाकलेले असले की हाय बीमला दोन बल्बच सोळा अँपिअरच्या वर ओढतात. तिथे शॉर्ट नसून भार जास्त असतो, तो अँपिअर मोजूनच कळतो. अशा वेळी लाल १० किंवा निळा १५ अँपिअरचा काढून पिवळा २० चा फ्यूज ठोकून देणारे भेटतात. कृपा करून असं करू नका. फ्यूज वायरीच्या जाडीप्रमाणे ठरवलेला असतो. तो उडाला नाही तर वायर जळेल. ज्या नव्या गाड्यांत लाइट हे कंट्रोल मॉड्यूलवर (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर) चालतात, तिथेही हे किट अडतं: मॉड्यूल स्वतःच पुरवठा तोडतो आणि फ्यूज शाबूत राहतो. तिथे मॉड्यूलमधले दोष वाचणारा स्कॅनरच लावावा लागतो.

घेणार असाल तर मिनी आणि लो-प्रोफाइल फ्यूजच्या पिना वेगळ्या मिळतात का, ते आधी बघा. जाड पिन जबरदस्तीने घुसवली की फ्यूजबॉक्सचे टर्मिनल फाकतात, मग खरा फ्यूज सैल बसतो आणि तिथेच तापतो.