जेटीवरची पिकअप घ्यावी की चिरे वाहिलेली? दोन चासी, दोन तऱ्हेचा गंज

चुलतभावाला चतुर्थीच्या आधी पिकअप हवी आहे. त्याचा मंडप-खुर्च्यांचा धंदा, डिचोलीत, म्हणजे गाडी रोज धावणार नाही पण सीझनला दिवसाला चार-पाच फेऱ्या. गेल्या पंधरा दिवसांत आठ-नऊ गाड्या बघून झाल्या आणि शेवटी दोन उरल्या, दोन्ही बोलेरो पिकअप, दोन्ही डिझेल. पहिली पाच वर्षांची, जीए-०३, एकच मालक, मीटरवर ७२ हजार, मागतोय पावणेसहा लाख. दुसरी नऊ वर्षांची, जीए-०४, तिसरा मालक, मीटर एक लाख ऐंशी हजार दाखवतं (त्या मीटरवर माझा काडीचा विश्वास नाही), हौदा ठोकरा खाऊन वाकडातिकडा, फाळका दोरीने बांधलेला, मागतोय तीन लाख चाळीस. भाऊ अर्थातच पहिलीच्या प्रेमात. मी म्हटलं, बाबा थांब, आधी दोन्हींच्या खाली झोपू, मग बोलू.

कारण पहिली मालीमच्या जेटीवर मासळी वाहायची आणि दुसरी सत्तरीत चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगडाचे ठोकळे. सेकंडहँड पिकअपला किती धावली हे सगळे विचारतात, काय वाहत होती हे कोणीच विचारत नाही, आणि गोव्यात तरी माझ्या मते पहिला प्रश्न तोच.

जेटीवरच्या गाडीचं असं असतं की क्रेटमधला बर्फ वितळतो, ते मासळीचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेंब थेंब खाली उतरतं आणि बरोबर चासीच्या लाँग मेंबरवर (गाडीच्या सांगाड्याचे दोन लांब लोखंडी चॅनेल) पडतं. रोज. वरून धुतात पण खाली कोण पाइप धरतो, आणि धरला तरी कधी कधी पाणी खाडीचंच. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीत तळाला पाणी सुटतं ना, चासीवर तेच होतं. हवेतला ओलावा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःहून हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं, आणि आपल्याकडे किनाऱ्यावर एवढा ओलावा तर रोज रात्री असतो. म्हणजे गाडी शेडमध्ये कोरडी उभी आहे असं आपल्याला वाटतं, पण क्रॉस मेंबरच्या (त्या दोन चॅनेलना जोडणारे आडवे तुकडे) सांध्यात ती रात्रभर ओलीच. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, दोन महिने गाडी तशीच मीठ खात उभी. आणि विकायलाही याच दिवसांत काढतात, निदान माझ्या बघण्यात तरी.

चिऱ्याच्या गाडीला मिठाचा त्रास नाही, तिचा त्रास वजनाचा. एक चिरा साधारण तीस किलोचा धरा, पन्नास चिऱ्यांना दीड टन झालं, म्हणजे अशा गाडीचं वजन तिथेच भरलं, आणि पन्नासावर थांबणारा ड्रायव्हर मी अजून बघितलेला नाही. तेव्हा तिच्याखाली गंज कमी आणि तडे जास्त शोधायचे.

आता एक गोची. आपल्याकडची लाल माती आणि गंज दिसायला सारखेच. सत्तरीतल्या गाडीखाली पहिल्यांदा टॉर्च मारला तेव्हा भाऊ म्हणाला, दादा ही तर पूर्ण सडलीय. सडली नव्हती, चिखल होता. ओलं फडकं घ्या आणि पुसा, माती पाण्याबरोबर निघून जाते आणि खाली काळा पेंट दिसतो, गंज असेल तर फडकं लाल होतं तरी डाग जागेवरच राहतो आणि बोटाला खरखरीत लागतो. पाण्याची बाटली आणि दोन जुने टॉवेल एवढं सामान न्याच. पण माती निर्दोष असं नाही हां, चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात जो चिखल थापून बसतो तो महिनोन्‌महिने ओलावा धरतो आणि त्याच्याखाली पत्रा हळूहळू जातो, तेव्हा तो स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढायचा आणि मगच मत बनवायचं.

मालीमवाली खालून चकचकीत. नवंकोरं काळं कोटिंग, ज्याला आपल्याकडे सगळे सरसकट टेफ्लॉन म्हणतात. विकणारा अभिमानाने सांगत होता की गेल्याच आठवड्यात मारून घेतलं, आणि तिथेच माझा विश्वास उडाला. विकायच्या आठवड्यात कोटिंगवर खर्च करणारा माणूस एक तर फार सज्जन असतो नाहीतर काहीतरी झाकतो. नवी गाडी असताना स्वच्छ चासीवर मारलं तर ते उपयोगी, पण गंजावर मारलं तर आत मीठ आणि ओलावा कोंडून राहतो आणि काम अजून जोरात चालू होतं. मेस्त्रीला बरोबर नेला होता. तो एक शब्द न बोलता छोटी हातोडी घेऊन पुढून मागे ठोकत गेला. पुढे इंजिनखाली ठण, ठण. केबिनच्या मागे ठण. मागच्या पाट्याचा (पानांची स्प्रिंग) हँगर, म्हणजे पाटा धरणारा ब्रॅकेट, जिथे चासीला बसतो तिथे आला आणि आवाज एकदम थप्प. परत मारली, तर काळं कोटिंग खपलीसारखं सुटलं आणि मागून चिरोट्यासारखे पापुद्रे माझ्या तोंडावर. (चष्मा घालून झोपा. गंमत नाही, डोळ्यात गेलं की दोन दिवस काम बंद.)

पापुद्रे बघून लगेच घाबरू नका हेही सांगतो, गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणजे तीन मिलीचा पापुद्रा पडला म्हणून तीन मिली लोखंड गेलं असा हिशोब नाही. खरा हिशोब व्हर्नियरने. चॅनेलची कड जिथे धड आहे तिथे जाडी मोजायची, मग गंजलेल्या जागी खरवडून परत मोजायची. आम्ही मोजली तर हँगरजवळ जवळजवळ तिसरा हिस्सा गायब. त्याहून वाईट म्हणजे क्रॉस मेंबर आणि लाँग मेंबरच्या मध्ये, जिथे दोन पत्रे रिव्हेटने एकमेकांवर बसवलेले असतात, तिथे आत गंज फुगून पत्रेच एकमेकांपासून सुटले होते, मधल्या फटीत माझ्या स्कूटरची चावी सहज गेली. ही जागा बाहेरून घासून बरी होत नाही, कारण ब्रश आत पोचतच नाही. स्टेपनीच्या वरचा क्रॉस मेंबर तर तुम्ही स्टेपनी खाली उतरवल्याशिवाय दिसणारच नाही, आणि विकणारा म्हणेल कशाला, गंजलाय तो नट, निघत नाही. बरोबर आहे, नट गंजलाय म्हणूनच उतरवायची.

सत्तरीवालीचं उलट. सगळीकडे लाल-तपकिरी वरवरचा गंज, बघायला भिकार, पण हातोडीला पुढून मागेपर्यंत ठणठणीत, वायर ब्रश मारला की खाली चमकणारं लोखंड. पाटे मात्र मेलेले, उजव्या बाजूचं एक पान तुटलेलं. आणि डाव्या मागच्या हँगरच्या वरच्या रिव्हेटपासून निघालेली एक केसाएवढी लाल रेघ. अशी रेघ पेंटवरचा ओरखडा समजून सोडू नका, तड्यातून पाणी आत जातं आणि गंज बाहेर पाझरतो म्हणून ती लाल दिसते. मेस्त्रीने घासून बघितलं तर तडा ब्रॅकेटला होता, चासीला नाही. हा फरक लाखमोलाचा आहे, ब्रॅकेट नवा मिळतो, लाँग मेंबर नाही. मग चासी वाकली आहे का ते बघायला टेपने तिरकी मापं घेतली, पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या आणि मग उलट, तीन-चार मिलीचा फरक आला, मेस्त्री म्हणाला चालेल. केबिन आणि हौद्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का हे तर उभ्या उभ्याच दिसतं.

माझा एवढा आरडाओरडा का, तर मी स्वतः भाजलोय. काही वर्षांपूर्वी एका डीलरकडून अशीच जेटीवर वापरलेली गाडी घेतली होती, इंजिन झकास, रंग झकास. दुसऱ्या पावसात अनमोड घाटात नारळ भरून जाताना मागून मोठा आवाज झाला, मला वाटलं टायर फुटला. हँगर चासीचा तुकडा घेऊन निघाला होता, एक चाक मागे सरकलेलं, आणि ब्रेकचा पाइप जो चासीच्या कडेने जातो तोही तिथेच पिचलेला. चढावर होतो म्हणून हे लिहायला आहे. नंतर पट्टी मारून वेल्डिंग केलं तर सहा महिन्यांत पट्टीच्या बाजूलाच तडा गेला, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं लोखंड कमजोर होतं आणि आधीच पातळ झालेल्या पत्र्याला तर पकडच येत नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की वेल्डिंग मारून घेऊ दहा हजारात, तर ते दहा हजार धरूच नका.

कागदांच्या बाबतीत जेटीवाली सरस, हे कबूल. आठ वर्षांपर्यंत फिटनेसची तपासणी (पासिंग) दोन वर्षांनी एकदा, त्याच्या पुढे दरवर्षी, म्हणजे नऊ वर्षांची गाडी घेतली की दरवर्षी पासिंगची धावपळ आलीच. पण पासिंगला चासी नंबरही बघतात, आणि तो चासीवरच ठोकलेला असतो. मालीमवालीचा नंबर कोटिंगखाली गेलेला, पुसून काढला तर दोन आकडे गंजाने इतके बसके झालेले की आरसीत बघून वाचावे लागले. नंबरच्या आसपास ग्राइंडर लागलाय किंवा वेल्डिंग आहे असं दिसलं तर मी गंजाचा विचारच करत नाही, सरळ निघून येतो.

तिसरा पर्याय पण होता, केए-२२, बेळगावची, भाजी वाहणारी. चासी तिघींत सर्वात सुकी आणि स्वच्छ. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, मग इथे नवा नंबर, इथला टॅक्स, आणि चतुर्थी तोंडावर. ज्याला घाई नाही त्याने चोर्ला घाट चढून जरूर बघावी, भावाला घाई आहे.

तेव्हा पैशाचं सांगतो. सत्तरीवालीला पाटे, बुश, ब्रॅकेट, वायर ब्रशिंग, रेड ऑक्साइड आणि वर काळा पेंट असे मेस्त्रीने साठ हजार सांगितले, म्हणजे सत्तर धरा. चार लाख दहा हजारात ती रस्त्यावर. मालीमवालीला हँगरची जागा आणि मागचे दोन क्रॉस मेंबर धरून त्याने आकडाच सांगितला नाही, नुसती मान हलवली. ती मी तीन लाखांतही घेतली नसती. हां, जर तुम्हाला गाडी फक्त गावातल्या गावात हलकं सामान न्यायला हवी असेल, कागद ताजे हवे असतील आणि मालक दोन लाख उतरायला तयार असेल तरी घ्या असं मी म्हणणार नाही, पण घेणारे असतात, त्यांनी निदान घाटात नेऊ नये.

उलटही होऊ शकतं बरं का. जेटीवरच्या एका गाडीत मालकाने हौद्याला आतून पूर्ण प्लास्टिक शीट घालून पाणी मागे पाइपने बाहेर काढलेलं मी बघितलंय, आणि चासी बघाल तर नवी. आणि चिऱ्याच्या एका गाडीच्या लाँग मेंबरलाच आरपार तडा होता, वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. लोहचुंबक लावलं तर चिकटेना म्हणून कळलं. दहा रुपयांचं लोहचुंबक आहे, खिशात टाका.

भावाने परवा सत्तरीवालीला तीन लाख पंधरावर सौदा करून टोकन दिलं, थोडं तोंड वाकडं करूनच. गाडी आता मेस्त्रीकडे, डाव्या हँगरचे रिव्हेट काढून हाय टेन्साइल बोल्ट घालायचे आहेत, आणि फाळक्याची दोरी काढून कडी लावायचं त्याने आधी सांगितलंय, बाकी सगळं नंतर म्हणे.