शेठ म्हणवून घेण्याचे ६,९८,००० रुपये

अकरा वर्षे नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत पगारी ड्रायव्हर म्हणून दहाचाकी चालवली, भर पावसात रात्रीचा कसारा घाट उतरवला. तरी आडगाव नाक्याकडे कार्यालय थाटलेल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने मला अर्ध्या तासात गुंडाळले. सौदा तुमच्या ऐकण्यातला असेल: गाडी लीजवर घ्या, भाडे आम्ही मिळवून देतो, हप्ता भाड्यातून कापू, छत्तीस महिन्यांनी गाडी तुमच्या नावावर. अनामत २,५०,००० रुपये. त्यातले १,४०,००० भविष्य निर्वाह निधीतून काढले आणि १,१०,००० पतसंस्थेकडून कर्जाऊ घेतले, ज्याचे हप्ते मी अजून फेडतो आहे.

नजर चुकली असे म्हटले तर ते खोटे ठरेल. आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, माझ्या हातात होती आणि तिच्यावर फायनान्स कंपनीचे नाव स्वच्छ छापलेले होते. मी त्यावर बोट ठेवून विचारलेही. तो हसून म्हणाला, "शेठ, कर्ज कधीच फिटले, फक्त नाव उतरवायचे राहिले आहे." मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी शेठ म्हटले होते. मी बोट उचलले आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर सही केली. कर्ज खरोखर फिटले असते, तर कंपनीचा ना-हरकत दाखला आणि आरसीवरचे तिचे नाव उतरवण्याचा फॉर्म ३५ त्याच्या खणात असायला हवा होता. तुम्ही तो मागा, आणि चहा येण्याआधी मागा.

मी अडाणी नाही. करार दोनदा वाचला होता. हप्ते फिटेपर्यंत मालकी मूळ मालकाकडे राहील, हे कलम असल्या करारांत असतेच, आणि पहिले तीन महिने हिशेब पैशापैशाने चोख आला, मग संशय कोणत्या तोंडाने घ्यायचा?

आठ महिने दरमहा ४२,००० प्रमाणे ३,३६,००० कापले गेले. नॅशनल परमिटच्या नावाखाली २८,००० घेतले. सरकारी शुल्क वर्षाला १६,५०० आहे, पावती मागा. चार नवे टायर मी पदरचे ८४,००० घालून टाकले. नवव्या महिन्यात घोटीच्या अलीकडे वसुलीवाल्यांनी गाडी ओढून नेली, कारण माझ्याकडून कापलेल्या हप्त्यांतला एकही फायनान्स कंपनीपर्यंत पोहोचला नव्हता. माल दुसऱ्या गाडीत चढवण्याची हमालीसुद्धा माझ्याच माथी आली.

फायनान्स कंपनीने सांगितले की आमचा करार तुमच्याशी नाही. पोलीस ठाण्यात पाच खेपा घातल्या. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा अर्जाच्या प्रती कमी, एकदा हद्दीचा प्रश्न, आणि शेवटी, स्टॅम्पची झेरॉक्स उलटीच धरून, हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा, असे उत्तर. जुने ४२० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा, तुम्ही वकील आहात का, असे मलाच विचारण्यात आले. ड्रायव्हरने कायदा बोलू नये, एवढाच कायदा तिथे पाळला जातो. अर्जाची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी पहिल्या चार खेपांना तसाच उठलो. हप्ता भरायचाच असेल तर थेट फायनान्स कंपनीच्या कर्जखात्यात भरा.

गाडी आता फायनान्स कंपनीच्या यार्डात उभी आहे. माझे चारही टायर तिच्यावर आहेत आणि ताडपत्री केबिनच्या मागे तशीच बांधलेली आहे. ती मागायला गेलो, तर वॉचमनने मालकाचे पत्र आणायला सांगितले.