शाई सुकली होती फक्त, निबच गेली

वडलांचं पार्कर ४५ हे शाईचं पेन होतं. १९७४ साली मामांनी मस्कतहून आणलेलं, काळं, स्टीलच्या टोपणाचं, निब १४ कॅरेट सोन्याची. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, घरचे हिशोब, पत्रं, आमच्या शाळेच्या रजेच्या चिठ्ठ्या सगळं त्याच पेनाने. पुढे हात थरथरायला लागला तसं ते कपाटात गेलं, ते शाईसकट गेलं, आणि सात-आठ वर्षांनी मी काढलं तेव्हा पार सुकलेलं.

आपण काही करायला जाऊ आणि मोडेल या भीतीने मी ते मेन रोडच्या बाजूच्या एका गल्लीत घड्याळं-पेनं दुरुस्त करणारा बसतो त्याच्याकडे नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, म्हणाला साहेब आतून पूर्ण जाम आहे, ट्यूब (शाई भरायची नळी) बदलावी लागेल, मशीनमध्ये टाकावं लागेल, चार दिवस ठेवा. १८०० रुपये घेतले आणि पावतीवर नुसतं 'पेन सर्व्हिस' लिहिलं. मी फोटो काढला नाही, माझ्यासमोर उघडा असंही म्हटलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आणून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी सही केली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. म्हणाले, "हे माझ्या हाताचं नाही रे." मी म्हटलं बाबा तुमचंच आहे, टोपणावर तोच पोचा आहे बघा. ते म्हणाले बाहेरचं माझं आहे, निब माझी नाही, ही कागदाला ओरबाडते.

वर्षानुवर्षं एकाच माणसाने लिहिलं की निबचं टोक त्याच्या हाताच्या तिरकेपणाने झिजतं, बाबांची डाव्या अंगाने झिजलेली होती, ते त्यांच्या बोटांना कळलं. आणि हे मॉडेल असं की निब, फीडर (निबेखालचा, शाई पुढे आणणारा भाग) आणि कॉलर (दोन्ही धरून ठेवणारी रिंग) एकत्र नुसत्या हाताने फिरवून बाहेर येतात, बाबा दर मे महिन्याच्या सुट्टीत स्वतः काढून धुवायचे. म्हणजे बदलायलाही दोन मिनिटं पुरतात, आणि निबचा थोडाच भाग बाहेर दिसतो, त्यामुळे सोनेरी मुलाम्याची स्टीलची बसवली तर माझ्यासारख्याला काय कळणार. आम्ही उघडून पाहिली. बाबांच्या निबवर ५८५ कोरलेलं होतं, म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, तेच १४ कॅरेट. हिच्यावर तसलं काहीच नाही. फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं तर टचकन चिकटली. (सोनं चिकटत नाही. पण नाही चिकटली म्हणजे सोन्याचीच असंही धरू नका, काही स्टील पण चिकटत नाही.)

दुसऱ्या दिवशी गेलो तर तो म्हणाला अशीच होती, तुम्ही दिली तेव्हा बघून घ्यायचं. आवाज चढवला त्याने, चार लोक जमले, माझ्याकडे दाखवायला एक फोटो नाही. परत आलो.

त्याहून जास्त लागलं ते पुढचं. त्याच कपाटात बाबांचं दुसरं साधं पेन होतं, तीच निळी शाई भरून तसंच सुकलेलं. बाबा म्हणाले साध्या पाण्यात टाक. कोमट पाण्याच्या वाटीत निबेकडचा भाग रात्रभर ठेवला, सकाळी पाणी गडद निळं. मग लहान मुलांच्या नाकाचा रबरी पंप मागून लावून पाणी ढकललं, बदललं, परत ढकललं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि निब टिश्यूवर खाली करून दिवसभर वाळवलं. चालू झालं! एक रुपया लागला नाही. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं, आणि स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, बॉडीच खाऊन टाकतात. चिवट शाई असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, नंतर भरपूर साधं पाणी. पेन महिनाभर पडून राहणार असेल तर शाई काढून धुऊनच ठेवा.

खरंच दुरुस्तीला द्यावं लागलं तर आधी निबवरच्या अक्षरांचा जवळून फोटो काढा, त्याच्याकडे देताना पावतीवर निब, फीडर, ट्यूब वेगवेगळं लिहून घ्या, आणि घेताना तिथेच उघडून बघा. ठेवून जा म्हणाला तर उठा.

आणि नाशिकमध्ये कोणाकडे पार्कर ४५ ची सुटी निब विकायला आली, ५८५ कोरलेली, टोक डावीकडून झिजलेलं, तर मला सांगा. मागाल ते पैसे देईन, कुठून आली ते विचारणार नाही. बाबा ८३ वर्षांचे आहेत.