जे साल बाटलीत उतरलंच नाही

माझा नवरा १९७४ सालचा. त्याच्या पन्नाशीला त्याच्याच वयाची वाइन उघडायची, हे मी दोन वर्षं मनात धरून होते. त्यापायी ५९० युरो गेले, तेव्हाच्या भावाने जवळपास ५३ हजार रुपये. पैशाचं दुःख आहेच. पण त्या संध्याकाळी टेबलाभोवतीच्या सगळ्यांचा जो हिरमोड झाला, तो अजून मनातून जात नाही. जन्मसालाची किंवा लग्नाच्या सालाची बाटली कुणाला द्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आम्ही फ्रान्समध्ये तुलूजला राहतो. जुन्या वाइनची ओळख करून दिली ती शेजारच्या आजोबांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले, तळघरात मोजक्या बाटल्या जपणारे गृहस्थ. एका नाताळात त्यांनी १९८८ची सोतेर्न उघडली, म्हणजे बोर्दोकडच्या सोतेर्न गावची गोड वाइन, सोबत रोकफोर चीज. रंग कोऱ्या चहासारखा. वास घेतला तर केशर, संत्र्याची साल आणि चक्क आंबापोळी. गोड होतीच, पण गोडव्यामागून अशी आंबट धार यायची की तोंड कुठेच चिकट होत नव्हतं. घोट गिळल्यावर चव कितीतरी वेळ रेंगाळत राहिली.

मी तासगावची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. आमच्याकडे मण्यावर बुरशी दिसली की आबांची झोप उडायची. आणि सोतेर्नला लोक बुरशीचीच वाट बघतात! सिरों नावाची थंड पाण्याची छोटी नदी तिथे गारोन या मोठ्या नदीला मिळते. हंगामाच्या शेवटी सकाळी धुकं दाटतं, दुपारी ऊन पडतं, आणि बोट्रायटिस नावाची बुरशी मण्यांवर चढते. सालीतून पाणी उडून जातं, आत साखर आणि आंबटपणा घट्ट होत जातो. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणारे त्याच बागेतून पुन्हा पुन्हा फिरतात. तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या शातो दिकेममध्ये (शातो म्हणजे वाइन बनवणारी जहागीर) एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाइन निघते, असं सांगतात. आबांना फोनवर हे सांगितलं तर ते काही वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "आख्ख्या वेलीला एक ग्लास?"

तेव्हाच ठरवलं, पन्नाशीला दिकेमच.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींमध्ये बोर्दोकडच्या एका माणसाची जाहिरात दिसली. माझे आजोबा वारले, घर विकायचं आहे, तळघर रिकामं करतोय, असं त्याने लिहिलं होतं. फोटोत धुळीने माखलेल्या बाटल्या. मी लिहिलं की नवऱ्याची पन्नाशी आहे, तो १९७४चा आणि मी १९८२ची, त्या सालांचं काही आहे का? माझी सगळ्यात मोठी चूक हीच. काय विकायला आहे हे विचारण्याआधी मला काय हवंय ते मी सांगून टाकलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: नशीब तुमचं, दोन्ही सापडल्या. दिकेम १९७४ ३८० युरोंना, बोर्दोकडच्याच सांत-एमिलियोंची एक रेड १९८२ २१० युरोंना. भाव फुकटातला असता तर संशय आला असता. हा भाव "थोडा स्वस्त" वाटावा असा बेतलेला होता.

घरी बोलावलं नाही. घरात भावंडांची वाटणी चालू आहे, सगळे नाराज आहेत, म्हणून एका छोट्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये भेटूया म्हणाला. मी आगगाडीने गेले. साधा, मृदू बोलणारा माणूस. आपल्या आजोबांबद्दल बोलताना त्याचा आवाज जड झाला, आणि मला माझे आजोबा आठवले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या घेतल्या, रोख पैसे दिले. पावती मागायचा मला संकोच वाटला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवसापासून रेड उभी करून ठेवली होती. जुन्या रेडमधला रंग आणि तुरटपणा वर्षानुवर्षं एकमेकांना धरून गाळ होऊन खाली बसतो, म्हणून ती मेणबत्तीच्या उजेडात हळूहळू सुरईत ओततात आणि मानेपाशी गाळाची रेघ दिसली की थांबतात. मी श्वास रोखून ओतत होते. अर्धी झाली, पाऊण झाली, ज्योत काचेतून स्वच्छ दिसत होती. शेवटचा थेंब सुरईत पडला, तरी गाळ आलाच नाही. बेचाळीस वर्षांची बाटली आणि तळाला चिमूटभरही काही नाही. ग्लास तिरका धरला तर कड जांभळी. एवढ्या जुन्या बोर्दोची कड कौलासारखी विटकरी दिसायला हवी, तिला ओल्या पानांचा, तंबाखूचा वास हवा. हिला ताज्या जांभळाचा वास होता. वाईट नव्हती, पण बहुधा तीन-चार वर्षांची असेल.

तरी मी कुणाला काही बोलले नाही. दिकेम खरी असेल अशी आशा होती.

तिच्यात रंग होता, गडद. वास मात्र करपलेल्या पाकाचा, आणि पहिल्या घोटानंतर नुसती साखर. आंबटपणाचा लवलेश नाही. नवरा म्हणाला, "छान आहे गं," आणि ग्लास खाली ठेवला. तो परत उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांना बाटली नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं आणि माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "१९७४ला तिथे वाइन केलीच नाही." द्राक्षं मनासारखी आली नाहीत तर तिथले लोक ते आख्खं सालच सोडून देतात. १९६४, १९७२, १९७४, १९९२, २०१२ या सालांची दिकेम जगात कुठेच नाही. ही माहिती शोधायला मला दोन मिनिटंही लागली नसती. आजोबांना आधी विचारलं नाही, कारण त्यांनाही चकित करायचं होतं.

मोठमोठे संग्राहकही याच खड्ड्यात पडले आहेत. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने आपल्या घरात बनवलेल्या बाटल्या अमेरिकेत लिलावात खपवल्या. २००८मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडच्या, पोंसो घराण्याच्या नावाच्या, क्लो सां-दनी या रेडच्या १९४५पासूनच्या बाटल्या आल्या, तेव्हा फ्रान्समधल्या बर्गंडीच्या त्या वाइन बनवणाऱ्या घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः तिथे गेले, कारण त्यांच्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८०च्या दशकात केली होती. कुर्नियावानला २०१४मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

मग आजोबांनी बाटल्यांची एकेक गोष्ट दाखवली. मानेवरचं वेष्टन मी सुरीने कापलं तेव्हा ते चॉकलेटच्या कागदासारखं चुरचुरलं होतं. त्या काळच्या चांगल्या बाटल्यांना शिशाचं जाड, मऊ वेष्टन असायचं. युरोपात त्यावर बंदी आली ती १९९३मध्ये. बुचावर शातोचं नाव आणि साल हवं होतं. दोन्ही बुचांवर नुसतं "शातोमध्ये भरलेली" एवढंच, कुठल्याही बाटलीला चालेल असं. वाइन मानेत पार वरपर्यंत भरलेली होती, आणि मला त्याचंच कौतुक वाटलं होतं! पन्नास वर्षांत बुचातून थोडी तरी उडून पातळी खाली येतेच. बूच बदलून पुन्हा भरलेली असेल तर तसा कागद मागायचा. दोन्ही लेबलांवरचा ओलीचा डाग एकाच आकाराचा होता, हे तर त्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्यावर दिसलं.

पोलिसांत तक्रार दिली. जाहिरात गायब, फोन बंद, रोखीचा पुरावा नाही. रिकाम्या बाटल्या, बुचं, वेष्टनं, सगळे निरोप जपून ठेवा, एवढं त्यांनी सांगितलं. ते सगळं मी एका खोक्यात घालून ठेवलं आहे. तुमच्या बाबतीत असं झालं तर रागाच्या भरात काहीही फेकू नका, ओतूनही टाकू नका.

पंधरा दिवसांनी आजोबा एक बाटली घेऊन आले. रिव्हसाल्त, १९७४ची, गावातल्या दुकानातून पावतीसकट आणलेली. या वाइनमध्ये आंबण्याची क्रिया चालू असतानाच मद्यार्क घालून ती थांबवतात, त्यामुळे गोडवा राहतो आणि ती पन्नास-पन्नास वर्षं टिकते. अक्रोड, सुकं अंजीर, कॉफी. दिकेमच्या मानाने कितीतरी स्वस्त. नवऱ्याने या वेळी ग्लास खाली ठेवला नाही.

मागच्या नाताळात आजोबांनी सोतेर्न १९८८ची शेवटची बाटली उघडली. नामांकित शातोंच्या रिकाम्या बाटल्याही विकत घेणारे लोक असतात, आणि माझी वाइन अशाच एखाद्या बाटलीत भरली गेली असावी. काच जमा करायच्या डब्यात टाकण्याआधी त्यांनी आपली ती रिकामी बाटली माझ्या हातात दिली, सोबत किल्ली. मी लेबलवरचं साल खरवडून काढलं, अगदी काच दिसेपर्यंत.