पॅडची सायकल की मॅग्नेटिक? किनाऱ्यावरच्या घराचा विचार करून

व्यायामाची सायकल घ्यायला गेलं की दुकानदार लेव्हल किती, स्क्रीनवर काय काय दिसतं हे सांगत बसतो. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्याने त्याला आधी विचारावं, बिघडली तर उघडणार कोण? रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने हवेत मीठ असतंच. गंज चढणार हे धरूनच चालायचं.

घरगुती सायकली मुख्यतः दोन जातींच्या. एकीत जड चाकावर नमद्याचं पॅड दाबलं जातं. नॉब आवळला की पॅड जास्त दाबतं आणि पाय जड होतात. ‘एअर बाइक’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त सायकलीही बऱ्याचदा याच कुळातल्या, फक्त पॅडऐवजी चाकाभोवती पट्टा असतो. दुसरी मॅग्नेटिक. तिच्यात चुंबक चाकाच्या जवळ सरकतं, पण चाकाला टेकत नाही.

पावसाळ्यात पहिला फरक इथेच कळतो. चार दिवस पॅडची सायकल चालवली नाही, की चाकाच्या कडेवर तांबूस गंज धरतो. तसंच चालवलं तर ती खरबरीत कड नमदा खरवडून काढते आणि खाली भुसा पडतो. दमट पॅड वर करकरतं ते वेगळंच. उपाय घरातलाच आहे: पॅड सैल करा, चाकाची कड बारीक पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. पॅड घासून गुळगुळीत आणि टणक झालं असेल तर बदला, ते स्वस्त असतं. आवाज येतो म्हणून पॅडवर खोबरेल किंवा मशीनचं तेल मात्र सोडू नका. आवाज जाईल आणि त्याबरोबर ब्रेकही जाईल. लागलंच तर सिलिकॉन स्प्रे, तोही जरासाच.

मॅग्नेटिकमध्ये हा सगळा व्याप नाही, कारण घासणारं काही नाहीच. तिचं दुखणं म्हणजे केबल. नॉब फिरवूनही पाय हलकेच राहिले, तर नॉबपासून चुंबकापर्यंत जाणारी तार निसटलेली, तुटलेली किंवा गंजून अडकलेली असते. हँडलचा दांडा जिथे बसतो तिथे वरची तार खालच्या तारेत अडकवलेली असते. आधी तिथे बघा, बऱ्याचदा आकडाच सुटलेला असतो. तिथे ठीक असेल तर प्लास्टिकचं कव्हर काढावं लागतं, आणि बहुतेक सायकलींत त्यासाठी आधी क्रँक, म्हणजे पॅडल ज्यावर बसतं तो दांडा, उतरवावी लागते. क्रँक काढायचा पुलर घरात नसतो, सायकलवाल्याकडे असतो. पॅडची साधी सायकल बहुधा उघडीच असते, दोष नुसता बघून कळतो. माझ्या मते दोघींतला खरा फरक हाच.

पॅडलचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या चेन आणि पट्ट्याचं थोडक्यात: चेन गंजते, तिला तेल द्यावं लागतं, पण ती कुठेही मिळते. मॅग्नेटिकमधला पट्टा गंजत नाही. सैल झाला तर जोर लावताना पाय रिकामा जातो. उंदरांचा उपद्रव असलेल्या घरात कव्हरच्या आतल्या वायरी जपा.

दोन्हींत हमखास येणारी तक्रार पॅडलची. प्रत्येक फेरीला एका ठरावीक जागी ‘टक्’ असा आवाज आला, की पॅडल नाहीतर क्रँक ढिली झाली समजा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेला फिरवलं की घट्ट होतं. नव्या सायकलीची जुळणी करताना नेमकं हेच चुकतं आणि ताकद लावून लोक आटे घालवतात. पॅडलवर एल आणि आर कोरलेलं असतं ते बघा, आट्यांना ग्रीस लावा, हाताने दोन-तीन फेरे बसवा आणि मग १५ नंबरचा पाना घ्या. ढिल्या पॅडलवर चालवत राहिलात तर क्रँकचे आटे जातात आणि आख्खी क्रँक बदलावी लागते. बेअरिंग घरघरत असेल तर त्यावर कोरलेला नंबर घेऊन पंप दुरुस्तीच्या दुकानात जा. पुष्कळदा तोच माल तिथे मिळतो.

स्क्रीन बंद पडली की आधी सेल बदला. सेल पाझरून पट्ट्यांवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर लिंबाच्या रसाचा बोळा फिरवून कोरडं करा. वेग शून्यच दाखवत असेल तर सेन्सरची पिन हलली आहे का बघा. चालवण्यासाठी स्क्रीन लागत नाही, तेव्हा तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आता घ्यायची कोणती? रोज चालवणारा कोणी घरात असेल आणि कोपऱ्यावर सायकलवाला असेल, तर पॅडची सायकल पुरते. जुनी आहे ती तर दुरुस्तच करा. घर मे ते गणपती बंद राहत असेल, तर मॅग्नेटिक, तीही नॉबची आणि सेलवर चालणारी. मोटरने लेव्हल बदलणारी नको. तिचा बोर्ड दमटपणाने गेला की सुट्या भागासाठी कोल्हापूर किंवा मुंबईकडे बघावं लागतं. घर बंद करताना सेल काढून ठेवा. कुठलीही घेतलीत तरी पडवीत ठेवू नका, पावसाची झड तिथवर येते.

मुंबईला परतणाऱ्या कोणाकडून वापरलेली घेत असाल तर क्रँक हाताने उलटसुलट हलवून बघा, आणि सीटचा दांडा वर-खाली होतो का तेही तिथेच तपासा. गंजून जाम झालेला दांडा किंमत पाडून मागायला पुरेसं कारण आहे.