अपाची पद्धतीचं रिलीज-मतदान : आमच्या छोट्या प्रकल्पाचा नऊ महिन्यांचा अनुभव

आम्ही पाच जण नोकरी सांभाळून मराठी शुद्धलेखन तपासणीचा एक कोश चालवतो, हनस्पेल या मुक्त तपासणी-सॉफ्टवेअरसाठी. पूर्वी ज्याला सवड मिळेल तो नव्या आवृत्तीचा टॅग (खूण) लावायचा आणि झिप चढवायचा. एकदा त्या झिपमध्ये शब्दांची यादी नवी आणि प्रत्ययांचे नियम जुने गेले. ‘घर’ बरोबर, पण ‘घरात’, ‘घराला’ यांच्याखाली लाल रेघ. आमच्या मशीनवर सगळं ठीक होतं, त्यामुळे दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता. लोकांनी कळवलं तेव्हा फार वाईट वाटलं.

मग आम्ही अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेची पद्धत उचलली. आधी रिलीज कँडिडेट, म्हणजे प्रसिद्ध करायच्या आवृत्तीचा मसुदा, बांधायचा, त्यावर जीपीजी सही (पॅकेज आमचंच आहे हे दाखवणारी डिजिटल सही) आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) द्यायचा, मग मत मागायचं. प्रकल्प समितीतले किमान तीन +१ (होकार) हवेत, +१ हे −१ (नकार) पेक्षा जास्त हवेत, आणि मतदान एरवी निदान ७२ तास उघडं ठेवायचं. आमच्यातला एक जण जर्मनीत आहे, एकाला फक्त रविवारी वेळ मिळतो. तीन दिवसांचं मोल आम्हाला लगेच कळलं.

पण खरी ताकद दुसऱ्याच नियमात आहे. +१ देण्याआधी सोर्स पॅकेज (मूळ फाइलींचा संच) स्वतःच्या मशीनवर उतरवायचं, सही तपासायची, त्यातून कोश बांधायचा (बिल्ड), चालवून बघायचं. पूर्वी ‘छान दिसतंय’ म्हटलं की संमती धरली जायची. आता +१ म्हणजे ‘मी स्वतः बांधून पाहिलं’. दुसऱ्या कँडिडेटच्या वेळी नाशिकच्या सहकाऱ्याने वेगळ्या कीबोर्डवर ‘दुसऱ्या’ टाइप केलं आणि रेघ आली. त्याच्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) येत होतं. आमच्या यादीत नुक्त्याचा ऱ होता. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. त्याने −१ दिला, आम्ही कँडिडेट मागे घेतला, दोन्ही रूपं एकच धरली जातील अशी सोय केली आणि तिसरा काढला. ही चूक आमच्या स्वयंचलित चाचण्यांत कधीच सापडली नसती, कारण त्या लिहिणारे सगळे एकच कीबोर्ड वापरतात.

सर्वात जास्त वाद झाला तो नकाराधिकारावर. अपाचीत तांत्रिक कारण देऊन कोडमधला बदल एकटा माणूस अडवू शकतो, पण रिलीज अडवू शकत नाही. हे पटवून घ्यायला आम्हाला तीन आठवडे लागले. पुढे एकाने गावांची नावं अपुरी आहेत म्हणून −१ दिला, बाकी चौघांचे +१ होते, रिलीज निघालं. तो दुखावला, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. तरी मला हा नियम योग्यच वाटतो. नावांची यादी कधीच पुरी होणार नाही, आणि लोक तोवर जुन्या चुकांसह लिहीत राहतात. त्याची नावं पुढच्या रिलीजमध्ये सर्वांत आधी घेतली.

दोघांच्याच प्रकल्पाला हे जमणार नाही, तीन मतं आणायची कुठून? आम्हालाही दिवाळीत तिसऱ्या मतासाठी नऊ दिवस थांबावं लागलं. आकडा दोनवर आणायची सूचना आली होती, मी विरोध केला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सह्या आजवर माझ्याच किल्लीने होतात. दुसऱ्या एकाची किल्ली सहीसाठी मान्य किल्ल्यांच्या यादीत चढवली आहे, पण त्याने स्वतः रिलीज अजून काढलेलं नाही. येत्या महिन्याचा कँडिडेट तोच बांधणार आहे. मी फक्त मत देणार.