अडॅप्टरसकट गळ्यात मारलेली बनावट एसएसडी

छोट्या कॉम्प्युटरची सिस्टिम डिस्क (जिच्यावरून मशीन सुरू होतं ती) बदलायला निघालेल्यांनी हे जरूर वाचा, आणि ज्यांच्या मशीनमध्ये डिस्कसाठी एकच जागा आहे त्यांनी तर नक्कीच. जुनी आणि नवी डिस्क एका वेळी आत बसत नाही, त्यामुळे क्लोन करायला, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवायला, निदान एक डिस्क यूएसबी अडॅप्टरवर बाहेर लावावीच लागते. ही गरज हेरून ‘एसएसडी (मेमरी चिपवर चालणारी डिस्क) आणि अडॅप्टर एकत्र’ असे संच विकले जातात. तसाच एक संच मी ऑनलाइन मागवला. त्यातल्या दोन्ही वस्तू खोट्या निघाल्या.

जुनी डिस्क 120 जीबीची, नवी 1 टीबीची म्हणून घेतलेली. अडॅप्टरवर लावल्यावर तिचा आकार 931 जीबी दिसला. हा आकडा अस्सल डिस्कवरही असाच दिसतो, कारण कंपन्या 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात आणि कॉम्प्युटर 1024 च्या पटीत मोजतो. क्लोनझिला या क्लोन करणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने काम एकाही एररशिवाय पूर्ण केलं. डिस्क आत बसवली, मशीन सुरू झालं, पार्टिशन (डिस्कचा वापरात असलेला भाग) वाढवून सगळी जागा वापरात घेतली.

मग फोटो उघडेनात. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार बाइटपर्यंत बरोबर, पण हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडली की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. पुढे एका अपडेटनंतर सिस्टिमच बूट व्हायची थांबली.

यामागची लबाडी अशी. डिस्कमध्ये खरी मेमरी जेमतेम 128 जीबी होती. फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, फेरफार करून ती स्वतःला 1 टीबी म्हणवून घेत होती. खऱ्या जागेपलीकडे काही लिहायला गेलं की ‘लिहिलं’ असं उत्तर द्यायची आणि डेटा टाकून द्यायची. माझी जुनी डिस्क 120 जीबीची असल्याने क्लोन केलेलं सगळं खऱ्या जागेतच मावलं होतं, म्हणून मशीन पहिल्यांदा बिनबोभाट चाललं. त्यात आणखी एक गोष्ट: नुकतीच कॉपी केलेली फाइल लगेच उघडली तर ती बऱ्याचदा रॅममधूनच वाचली जाते. त्यामुळे ती उघडली म्हणजे डिस्कवर पोचली, असं होत नाही.

आता अडॅप्टर. त्याचं टोक निळं होतं आणि त्यावर ‘3.0’ छापलेलं होतं. यूएसबी 3 च्या टोकात पुढे चार पट्ट्या असतात आणि त्यांच्या मागे, आतल्या बाजूला, आणखी पाच संपर्क. टॉर्च धरून पाहिलं तर इथे फक्त चार. यूएसबीला जोडलेल्या वस्तूंचा वेग दाखवणारी लिनक्सची ‘एलएसयूएसबी’ (lsusb) कमांड ‘-टी’ (-t) जोडून चालवली तर 5000 एम दिसायला हवं होतं, तिथे 480 एम, म्हणजे सरळसरळ यूएसबी 2.

मला हे नुसतं दुसरं खोटं वाटत नाही. यूएसबी 2 वर प्रत्यक्षात सेकंदाला 35 ते 40 एमबी मिळतात. त्या वेगाने 1 टीबी पूर्ण लिहायला साधारण सात ते आठ तास, आणि परत वाचून ताडायला तेवढेच. खरा यूएसबी 3 अडॅप्टर असेल तर चांगली साटा (नेहमीच्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला 400 एमबीच्या पुढे जाते आणि तेच लिखाण पाऊण तासात उरकतं. म्हणजे अडॅप्टर जितका संथ, तितकी डिस्क पूर्ण तपासली जाण्याची शक्यता कमी. हे ठरवून केलेलं असो वा नसो, फायदा विकणाऱ्याचाच झाला.

विक्रेत्याला कळवलं तेव्हा उत्तर आलं, “1 टीबी म्हणजे 931 जीबीच दिसते, सगळ्या कंपन्यांचं असंच असतं. तुमच्या क्लोनिंगमध्ये गडबड झाली असेल.” पहिलं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच त्यावर वाद घालत बसू नका. दिसणाऱ्या आकाराचा इथे प्रश्नच नाही.

मी डिस्क रिकामी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, दुसरा, खात्रीचा अडॅप्टर लावला आणि एफ3 चालवलं. हा मोफत प्रोग्रॅम 1 जीबीच्या फाइलींनी डिस्क गच्च भरतो आणि मग प्रत्येक फाइल परत वाचतो. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हेच काम करतो. लिहून झाल्यावर डिस्क काढून पुन्हा लावली आणि मगच वाचायला घेतली. शंभराच्या पुढे काही फाइलींपर्यंत सगळं ठीक, आणि तिथून खाली प्रत्येक ओळीत ‘करप्टेड’. तो अहवाल आणि अडॅप्टरच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो पाठवला तेव्हा कुठे पैसे परत मिळाले. पुरावा हातात येईपर्यंत डिस्कचं कव्हर उघडू नका. उघडलं की “तुम्हीच बिघडवली” म्हणायला ते मोकळे. आणि आत बोर्ड छोटा दिसला तर तो पुरावा नव्हे, अस्सल डिस्कमध्येही बऱ्याचदा निम्मा डबा रिकामाच असतो.

जुनी डिस्क मी न पुसता बाजूला ठेवली होती, म्हणून सिस्टिम परत उभी राहिली. मधल्या काळातले घरचे फोटो मात्र गेले ते गेलेच, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तोच संच आजही वेगळ्या नावाने विक्रीला आहे. जाहिरातीतल्या एकाही फोटोत अडॅप्टरचं टोक समोरून दाखवलेलं नाही. घ्यायचाच असेल तर आधी तो फोटो मागा, आणि परतीची मुदत संपायच्या आत डिस्क एकदा काठोकाठ भरून, काढून, परत वाचून घ्या.